पोरगी पॉलिश करून नेली

शाळेतून आलेला अकरा पानी कागद बापाने उलटसुलट पाहिला. वर लिहिलं होतं, 'विशेष शिक्षण आराखडा'. आत काय होतं ते देवालाच ठाऊक. नवराबायकोला एवढंच कळलं, की सोमवारी मोठ्या बाई पोरीची तपासणी करणार.

मग काय, बाप कामाला लागला. त्याचा धंदा जुन्या स्कूटरी विकायचा. गिऱ्हाईक यायच्या आधी डाग झाकायचे, हे अंगातच भिनलेलं. नऊ वर्षांच्या पोरीला अक्षर लागत नव्हतं, पण पाठांतर पक्कं. आठवडाभर त्याने एकच धडा घोटून घेतला. बोट कुठे ठेवायचं, पान कधी उलटायचं, सगळं.

सोमवारी पोरीने धडा घडाघडा म्हटला. मोठ्या बाई खूश.

"वा! मदतनीस बाईंनी कमाल केली. आता वर्गात तिच्याजवळ बसायचे त्यांचे रोजचे दोन तास बंद केले तरी चालेल."

बाप छाती फुगवून घरी आला. नर्स असलेल्या मेव्हणीने कागद वाचला आणि कपाळावर हात मारला.

"भाऊजी, ही काय जाहिरात आहे? जे येत नाही ते सांगायचं असतं, म्हणजे मदत मिळते. दवाखान्यात जाताना ताप घरी ठेवून जाता का?"

"मग आता?"

"आता जा आणि खरं बोला. नाहीतर पोर दहावीपर्यंत कोपऱ्यात बसेल."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई ऐकेनात. "काल तर वाचलं की!"

"पाठ होतं हो."

बाईंनी दुसरंच पुस्तक उघडून दिलं. पोरीने बोट ठेवलं, तोच जुना धडा म्हटला आणि शाबासकीसाठी बापाकडे पाहिलं.

बापाने जन्मात गिऱ्हाइकाला एक ओरखडा दाखवला नव्हता. आज तो धडाधड सांगत सुटला. "ब आणि व एकच वाटतं तिला. घड्याळ कळत नाही. चपला उलट्या घालते. घाबरली की कपडे ओले करते."

पोरीची मान एकेका वाक्याला खाली जात होती. बाई लिहीत होत्या.

"ठीक आहे. रोज दोन तास मदतनीस. करा सही."

सही करून बापाने सुस्कारा सोडला.

"बाबा," पोरगी हळूच म्हणाली, "मदतनीस बाई म्हणजे कोण?"

"अगं, वर्गात तुझ्याजवळ बसतात त्या."

"माझ्याजवळ कुणीच बसत नाही."

"काहीतरीच!" मोठ्या बाईंनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "अहो मदतनीस बाई, जरा या!"

ऑफिसातल्या झेरॉक्स मशीनजवळून एक बाई हातात गठ्ठा घेऊन आल्या. पोरीकडे बघून गोड हसल्या.

"नवीन ॲडमिशन का?"