यजमानांची संमती

मल्लिनाथ सर स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, मिक्सर आणि तेलाचा डबा यांच्या मधल्या वीतभर जागेत निबंध लिहीत होते. विषय होता, यजमान देशात मुक्काम ठोकलेल्या परकीय सैन्याचा कायदेशीर दर्जा. सात रस्त्याजवळच्या एका कॉलेजात कायदा शिकवता शिकवता एकोणीस वर्षं गेली, तेव्हा कुठे परिसंवादात बोलायचं पहिलं बोलावणं आलं होतं. परिसंवाद शनिवारी आणि आज गुरुवार. घरात टेबल होतं, खुर्ची होती, पुस्तकं होती. पण ती खोली बारा दिवस सासूबाई आणि मेहुण्याच्या ताब्यात होती.

सासूबाई, म्हणजे अंबुबाई, बार्शीहून दाढ काढायला आल्या होत्या. दाढ दुसऱ्याच दिवशी निघाली. अंबुबाई काही निघाल्या नाहीत.

सर चष्मा स्टुलावर ठेवून तोंडावर पाणी मारायला गेले. तेवढ्यात मेहुणा शरणबसव चहा घेऊन आला आणि स्टुलावर बसला. कडकन आवाज झाला.

"अरे, बघून तरी बसावं माणसानं!" सर ओरडले.

"अहो," भाकरी थापता थापता बायको, महानंदा, म्हणाली, "माझ्या माणसांना काय बोलायचं ते मी बोलीन. तुम्ही बोलायचं नाही." आणि तिने भावाला गरम भाकरी वाढली.

सर बायकोवर चिडले नाहीत, तेवढं त्राणच उरलं नव्हतं. शिवाय चौथ्या पानावर त्यांनी स्वतःच लिहिलं होतं, की सैनिकाच्या हातून कामावर असताना गुन्हा घडला, तर खटला चालवण्याचा पहिला अधिकार त्याच्या स्वतःच्या देशाचा. आणि बारा दिवस बसणं हेच तर शरणबसवचं काम होतं.

चष्म्यावाचून सरांना स्वतःचं अक्षर दिसेना. "आता तूच वाचून दाखव," ते म्हणाले.

"द्या की दाजी," म्हणत शरणबसवने खड्या आवाजात सुरुवात केली. "परकीय सैन्य यजमानांच्या संमतीने राहते. संमती संपली, की सैन्याने गाशा गुंडाळावा."

दर वेळी 'यजमान देश' लिहायचा कंटाळा, म्हणून सरांनी नुसतं 'यजमान' लिहिलं होतं. आणि महानंदा तर चारचौघांत नवऱ्याला 'आमचे यजमान' म्हणायची. अंबुबाई तरातरा बाहेर आल्या.

"यजमान म्हंजी जावईबापूच की! आन सैन्य आमी व्हय?"

"अहो आई, हे परदेशांचं आहे."

"मग बार्शी काय परदेश हाय का? शरण्या, पिशव्या भर!"

दहा मिनिटांत रिक्षा दारात आली. दोन दिवस, टेबल, खुर्ची! सरांना आतून उकळ्या फुटत होत्या. आता फक्त गप्प राहायचं होतं. पण पाहुण्याच्या हातात पिशवी दिसली, आणि जन्मभराच्या सवयीने तोंड आपोआप उघडलं.

"एवढी काय घाई? राहा की अजून चार दिवस."

बोलल्यावर त्यांना दारालाच डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. अंबुबाई थांबल्या. त्यांचा चेहरा एकदम निवळला.

"बारा दिस झालं, ह्येच ऐकायला बसलोय," त्या म्हणाल्या. "कुणी ऱ्हावा म्हणल्याबिगर उठायचं कसं? हाकलून दिल्यागत दिसतंय की. चल रं शरण्या."

आणि त्या खरोखरच रिक्षात बसल्या. बारा दिवस जे वाक्य सरांनी जिभेवर येऊ दिलं नव्हतं, तेच पहिल्या दिवशी म्हटलं असतं तर! रिक्षा सुरू झाली तशी अंबुबाईंनी मान बाहेर काढली.

"ते चार दिस शिल्लक ऱ्हाऊ द्या, जावईबापू! डाव्या अंगाची दाढ बी हलायलीय."

संध्याकाळी सर आपल्या खुर्चीवर, आपल्या टेबलाशी बसले. चष्मा नसल्याने महानंदा लिहून घेत होती. "शेवटी एक वाक्य घाल," सर म्हणाले. "सैन्य माघारी गेले, म्हणजे करार संपला असे समजू नये."

महानंदाने पेन खाली ठेवलं.

"सांगितलं ना," ती म्हणाली, "माझ्या माणसांना काय बोलायचं ते मी बोलीन."