भिसे खिंडीतला कुकर

दत्ताभाऊजींच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं कारण एकच. चूल धुमसली, पंप बंद पडला, कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं, की मान तिरकी करून ऐकणार आणि म्हणणार, "हवा कमी पडते, दुसरं काय नाय." लग्नाला हवा कुठून द्यायची, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.

भाऊजी अष्टमी गावातले आमचे शेजारी. धाटावच्या कंपनीत फिटर म्हणून जन्म गेला. निवृत्त झाले आणि अंगणातल्या जुन्या छोट्या गाडीखाली शिरले ते शिरलेच. बाहेर फक्त पाय. आळीतली माणसं त्या पायांशीच बोलायची.

एका सकाळी ते पाय माझ्या दारात आले.

"वैनी, तुमच्याकडं जुना कुकर हाय ना, पाच लिटरचा?"

"हाय की. पुलाव करताय?"

"टर्बो करतोय."

पेणच्या भंगारातून त्यांनी डिझेल गाडीचा टर्बो आणला होता. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोराने त्यातलं एक चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. "फुकट जाणाऱ्या धुरातनं दम काढायचा, वैनी." नवं सामान परवडणारं नव्हतं. पाइप कुणाच्या तरी मोटरसायकलचा, पत्रा मोडक्या कपाटाचा, आणि कोंबलेली हवा कोंडून धरायला कार्बोरेटरवर पालथा घातलेला माझा कुकर. दाब जास्त झाला तर सुटायला वाट हवी, म्हणून शिट्टी ठेवली; फक्त कानशीने घासून हलकी केली.

ही गोष्ट चार वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सदुसष्टची, म्हणजे अक्कल यायची होती. आळीभर सांगत सुटले, "म्हाताऱ्याला शर्यत लावायचीय! बायको घरात धापा टाकतेय नि ह्याला गाडी पळवायचीय!"

बायको म्हणजे सुलभा. तिची फुप्फुसं थकली होती. जरा धूळ-धूर लागला की उबळ थांबायची नाही. रात्री उशांना टेकून बसायची. डोळा लागतोय तोच खोकला उठवायचा. तिचं मागणं एकच, पेणला खाटेला खिळलेल्या भावाला एकदा बघून यायचं.

"भाड्याची गाडी करा नि घेऊन जा तिला," मी पायांना सुनावलं. पाय आणखी आत गेले.

मग एका दुपारी म्हणाले, "वैनी, चला खिंडीपर्यंत. पुढं बसा. तुमचं नि हिचं वजन सारखंच."

बाईमाणसाला असं म्हणतात का? पण मी गजरा माळला आणि बसले. आळीने बघावं म्हणून काच खाली केली. त्यांनी ती वर करायला लावली.

पेणच्या वाटेवरच्या भिसे खिंडीची चढण लागली की एसी बंद करायचा आणि काचा उघडायच्या, हा त्या गाडीचा जुना नेम. नाहीतर ती मध्येच मान टाकायची. आज एसी चालू, काचा बंद. पुढे ट्रक काळा धूर ओकतोय. गाडी चढतेय. बॉनेटखालून जोरात शिट्टी झाली आणि मी सवयीने ओरडले, "भाऊजी, गॅस बारीक करा!"

ते हसले नाहीत. वेगाच्या काट्याकडेही बघेनात.

"धूर आत येतो काय? घशात खवखवतंय? खरं सांगा."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तरी तोंड गप्प बसेना. "मग भाड्याची गाडी का नाय केलीत?"

"केलेली. इथंच उबळ आली तिला. डायवर सारखा आरशातनं बघत व्हता. ही तोंडात पदर कोंबून बसली. अर्ध्यातनंच माघारी आलो." गिअर बदलून म्हणाले, "माणसाला खोकायला पण आपली गाडी लागते, वैनी."

घरी उतरताना मी गजरा काढून मुठीत धरला.

त्या गुरुवारी दोघं पेणला गेली. दिवेलागणीला परत आली तेव्हा मी फाटकातच उभी होते. सुलभा माझ्याकडे बघून हसली आणि भिंतीला धरत आत गेली.

"भाऊ भेटला?"

"भेटला. दोघं हात धरून बसलेली."

"आणि खिंडीत काय म्हणाली?"

"काय नाय. झोपलेली."

"आणि शिट्टी?"

भाऊजींनी घराकडे बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"दोन झाल्या. हलली पण नाय."