एका बसचे वय निश्चित करण्याबाबत

प्रत्येक वस्तूला वय असतं. पण वय असणं वेगळं आणि वय ठरणं वेगळं. असायला नुसता काळ पुरतो. ठरायला अर्ज लागतो, अर्जाच्या तीन प्रती लागतात, आणि ज्याला ते वय अजिबात माहीत नाही असा एक अधिकारी लागतो. यातला शेवटचा घटक मिळणं सर्वांत अवघड, असा आपला समज असेल. वाहन नोंदणी कार्यालयाच्या वर्षनिश्चिती विभागात तो गेली अकरा वर्षं सलग उपलब्ध होता.

या अधिकाऱ्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. साहेब जन्मात कधी बसमध्ये चढले नव्हते. त्यामुळे बस या विषयावर त्यांचं मन कोऱ्या कागदासारखं स्वच्छ होतं, आणि म्हणूनच त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्या आधीच्या अधिकाऱ्याला इंजिनाच्या आवाजावरून गाडीचं साल सांगता येई. त्याची बदली तातडीनं जन्म-मृत्यू विभागात करण्यात आली (तिथे तो गप्प बसून चांगलं काम करतो, असं कळतं).

तर या साहेबांसमोर एके सकाळी ड्रायव्हरमामा येऊन उभे राहिले. मामांनी एका बस कंपनीत एकच बस जवळजवळ पंधरा वर्षं चालवली होती. कंपनी बंद पडली, बस विक्रीला निघाली आणि मामांनी ती घेतली. हौस म्हणून नव्हे. मामा राहत त्या वस्तीतली अडतीस मुलं चार किलोमीटर हमरस्त्याच्या कडेनं, ट्रकांचा वारा अंगावर घेत शाळेत जात. त्यांतली एक मामांची धाकटी लेक. शाळा म्हणाली, बसची नोंदणी करून आणा, पोरांची ने-आण करा. मामांना वाटलं, नोंदणी म्हणजे काय, एक सही आणि एक शिक्का. मामा सरळ मनाचे होते, आणि त्याचे परिणाम पुढे येतीलच.

घोडं अडलं ते एका नियमावर. शाळेची मुलं वाहणारी बस नोंदणीच्या दिवशी पूर्ण पंधरा वर्षांची झालेली असता कामा नये. नियम रास्तच आहे. मामांची बस त्या दिवशी चौदा वर्षं नऊ महिन्यांची होती. म्हणजे हातात तीन महिने होते.

"चौदा वर्षं नऊ महिने," साहेब म्हणाले. "कशावरून?"

"अहो, मीच तर बॉडी बांधणाऱ्या कारखान्यातून बाहेर काढली ना तिला! त्याच दिवशी पहिली फेरी मारली."

साहेबांनी खेदानं मान हलवली. "म्हणजे तुम्हाला माहीत आहे."

"हो, चांगलं माहीत आहे."

"मग तुमचं म्हणणं धरता येत नाही. तुम्ही हितसंबंधी."

हे तत्त्व विभागाचा कणा आहे, म्हणून थोडं थांबून समजून घेतलं पाहिजे. ज्याला गोष्ट ठाऊक असते त्याचा तिच्याशी कुठे ना कुठे संबंध आलेला असतो. संबंध आला की हित आलं, आणि हित आलं की साक्ष बाद. उलट ज्याला काहीच ठाऊक नाही त्याचं म्हणणं निर्मळ असतं. अडचण एवढीच की त्याला म्हणायचं काही नसतं.

कागदपत्रांचा मार्ग होता, पण कंपनीचं दप्तर वाळवीनं खाल्लं होतं (वाळवीची साक्ष काढता येत नाही). तेव्हा रीतसर तपासणीचा आदेश निघाला. बस कार्यालयाच्या आवारात चिंचोळ्या खड्ड्यावर उभी करण्यात आली आणि एक तपासनीस हातोडी घेऊन तिच्याखाली शिरला. तो महिन्यानं बाहेर आला. मधल्या काळात तो घरी जाऊन येत असे, पण नोंदीनुसार तो खड्ड्यातच होता.

अहवाल अत्यंत सखोल निघाला. चासी, म्हणजे बसचा खालचा लोखंडी सांगाडा, सोळा वर्षं नऊ महिन्यांचा होता. बॉडीची वाट बघत तो कारखान्याच्या मैदानात गवतात जवळजवळ दोन वर्षं पडून होता. बॉडी चौदा वर्षं दहा महिन्यांची. इंजिन मधे बदललं होतं, ते सहा वर्षांचं. पुढची काच तीन वर्षांची. टायर चार महिन्यांचे. हॉर्नवर कसलीच खूण सापडली नाही. मात्र त्याचा आवाज ऐकून तपासनिसानं त्याला सज्ञान, म्हणजे अठरा वर्षांचा, धरलं होतं.

आता प्रश्न असा की ही बस नेमकी किती वर्षांची? चासीनुसार ती नियमाबाहेर होती, बॉडीनुसार आत होती, आणि टायरनुसार अजून दूध पीत होती. साहेबांनी दोन दिवस दार लावून विचार केला आणि एक अपूर्व तोडगा काढला: सरासरी. सहाही वयांची बेरीज करून सहानं भागल्यावर उत्तर आलं नऊ वर्षं दहा महिने.

टेबल नंबर चारच्या बाईंनी प्रमाणपत्र टाइप केलं. या बाई विभागातल्या सर्वांत जुन्या कर्मचारी; लोकांची कामं व्हावीत अशी त्यांना मनापासून इच्छा असे, आणि ही गोष्ट त्यांनी वरिष्ठांपासून आजवर लपवून ठेवली होती. त्यांनी मामांकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं, की गप्प राहा. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. शाळा सुरू व्हायला अवकाश होता, बस आयुष्याच्या ऐन उमेदीत ठरत होती, आणि पुढची पाच वर्षं कुणी तिच्याकडे वाकड्या नजरेनं बघणार नव्हतं. मामांनी फक्त मूग गिळून गप्प बसायचं होतं.

"साहेब, चुकतंय हो," मामा म्हणाले.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"ती नऊची नाही. चौदा पुरी होऊन वर दहा महिने झालेत. नऊ कशी असेल? ती आली त्याच दिवशी माझी धाकटी झाली. मग पोरगीही नऊचीच धरायची का? तिला नववीचं गणित शिकवतात!"

खरं सांगायचं तर मामांना राहवलं नाही. पंधरा वर्षं जिचं स्टिअरिंग धरलं, जिच्या प्रत्येक ओरखड्याची तारीख तोंडपाठ, तिचं वय एका परक्या माणसानं भागाकारानं काढावं हे त्यांच्या जिवाला लागलं. असा माणूस कार्यालयात एकटा पाठवू नये.

साहेबांनी टोपण पुन्हा लावलं. अर्जदारानंच हरकत घेतली म्हटल्यावर सरासरी रद्द झाली. पुस्तकं उघडली गेली आणि मूळ नियम सापडला, जो फार सुंदर आहे: बस ही ज्या दिवशी तिच्यात पहिला प्रवासी बसतो त्या दिवशी बस होते, तोवर तिला पत्र्याची खोली समजावे. म्हणजे त्या पहिल्या आठवड्यातला एखादा प्रवासी हवा. आणि तो निःपक्षपाती हवा.

मामांनी दुसऱ्या दिवशी बायकोला आणलं. मामींचा स्वभाव तिखट.

"तो दिवस मी विसरेन होय?" मामी म्हणाल्या. "मला कळा येत होत्या आणि हे तिकडे नव्या बसच्या काचा पुसत होते! पंधरा वर्षं ऐकवतेय मी यांना."

साहेबांनी आदरानं नोंद केली: साक्षीदार संतप्त, सबब खरी असण्याचा संभव आहे, परंतु पत्नी, सबब हितसंबंधी. शिवाय त्या बसमध्ये बसल्याच नव्हत्या. "बसणार कशी? मी दवाखान्यात होते ना!" हेही नोंदलं गेलं, विरुद्ध बाजूच्या रकान्यात.

लेक आईबरोबर आली होती. मोठ्यांचं चाललेलं ऐकून ती कंटाळली आणि आवारातल्या बसमध्ये जाऊन बसली. दहा मिनिटांत ओरडत बाहेर आली. "बाबा, तारीख! तेवीस नंबरच्या सीटसमोर तारीख आहे!"

सगळे धावले. साहेबही आले, पण पायरीशी थांबले. अकरा वर्षांचा निःपक्षपातीपणा ते एका पायरीसाठी घालवणार नव्हते. तेवीस नंबरच्या सीटसमोरच्या पत्र्यावर कर्कटकाच्या टोकानं कुणीतरी कोरलं होतं: *आम्ही दोघं इथे बसलो होतो.* खाली एक वाकडा बदाम आणि पूर्ण तारीख, सालासकट. बसच्या पहिल्या फेरीनंतरचा तिसरा दिवस. मामांनी रंग चार वेळा दिला होता, पण त्या ओळीवर कधी ब्रश फिरवला नव्हता. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मामांचा जीव भांड्यात पडला. पण पुरावा कितीही खोल कोरलेला असला तरी तो कुणी कोरला हे ठरल्याशिवाय त्याला ओरखडा म्हणतात. तेव्हा नियमाप्रमाणे वर्तमानपत्रात सूचना देण्यात आली: सदर मजकूर कोरणाऱ्या इसमानं पंधरा दिवसांत हजर होऊन अक्षर जुळवून द्यावं. खाली बारीक टायपात हेही होतं की वाहनाचं विद्रूपीकरण हा गुन्हा असून कोरणाऱ्याला समज देण्यात येईल.

कुणी आलं नाही. सूचना त्या शहरातल्या सुमारे चाळीस हजार लोकांनी वाचली असावी, असा विभागाचा अंदाज आहे. त्यांतले नऊ हजार त्या बसनं कधी ना कधी गेलेले. त्यांतले दोघं तेवीस नंबरवर. एकानंही चप्पल पायात घातली नाही.

मामा रोज यायचे. बाकावर बसायचे, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे आणि दिवस मोजायचे. बारा उरले, सात उरले, दोन उरले. एकदा बाईंनी त्यांना चहा आणून दिला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तेव्हा गप्प राहिला असता तर?"

"खोटं वय घेऊन पोरं नेली असती का मी?" मामा म्हणाले. मग कप बाकावर ठेवत म्हणाले, "नेली असती हो. चूकच झाली."

सुनावणी बसच्या पंधराव्या वाढदिवशी ठेवली होती, सकाळी अकराला. पूर्ण व्हायला संध्याकाळ बाकी असल्यानं ती वेळेत बसत होती. परंतु त्या दिवशी कार्यालयाच्या भिंतींना रंग देणं चालू होतं. सुनावणी दुसऱ्या दिवशी झाली आणि, कौतुकानं सांगायला हवं, अवघ्या चार मिनिटांत आटोपली. साहेबांनी निकाल स्वतः वाचून दाखवला. बस काल पंधरा वर्षांची झाली असल्यामुळे अर्जदाराचं म्हणणं आता अर्जदाराच्याच हिताविरुद्ध जातं. स्वतःच्या हिताविरुद्ध कोणी खोटं बोलत नाही. सबब अर्जदाराचं म्हणणं पूर्णपणे विश्वासार्ह मानून, बसचं वय ते सांगतात तेच, पंधरा वर्षं एक दिवस, असं निश्चित करण्यात येत आहे. अर्ज फेटाळला.

"अभिनंदन," साहेब म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. "तुमचंच खरं निघालं."

गेल्या वर्षी विभागानं एकशे बारा वाहनांची वर्षं निश्चित केली. त्यांपैकी नव्वद वाहनं निश्चिती चालू असतानाच एका वर्षानं मोठी झाली (ही वाढ विभागाच्या कामगिरीत धरली जाते).

विनानोंदणीची बस रस्त्यावर नेता येईना, आणि आवारातून हलवल्याशिवाय तिचं जागाभाडं थांबेना. शेवटी बाईंनी युक्ती काढली. अर्जदारांना बसायला जागा नव्हती. बस प्रतीक्षालय म्हणून आवारातच ठेवावी, भाडं माफ. प्रस्ताव मंजूर झाला. पत्र्याची खोली म्हणून, अर्थातच. मामांनी अपील केलं आहे आणि तेही तिथेच, ड्रायव्हरच्या सीटवर, वाट बघत बसतात. आतून नंबर पुकारला की हॉर्न वाजवतात. सज्ञान हॉर्न आहे, दूरवर ऐकू जातो.

अपिलात एक कलम मात्र मामांच्या बाजूचं आहे. कोरणारा इसम आजही हजर झाला, तर अर्ज मूळ तारखेपासून मंजूर धरता येतो. दुसरं कोण होतं ते विभाग विचारत नाही (त्यासाठी वेगळा अर्ज आहे). टेबल नंबर चारवर एक पान भरायचं. बाईंनी ते आधीच काढून ठेवलंय, पेनासकट.

तुम्ही तेवीस नंबरवर, खिडकीजवळ बसलाय. जागा छान आहे. इतक्या निवांतपणे वाचायला दुसरीकडे कुठे मिळतं? बाहेर शाळा सुटलीय आणि ती अडतीस मुलं रस्त्याच्या कडेनं एकामागे एक चालली आहेत. ट्रक आला की झाडीत शिरतात, गेला की परत निघतात. मामांची लेक सगळ्यांत मागे आहे, लहानांना पुढे घालून. मामा मोठ्या आरशातून आधी त्यांच्याकडे बघतात आणि मग, सवयीनं, आतल्या प्रवाशांकडे.

तेव्हा मांडीवरची पिशवी अशीच उभी धरून ठेवा, समोरचा पत्रा नीट झाकला गेलाय. फक्त तुमचा नंबर पुकारला की लगबगीनं उठू नका. पिशवी खाली सरकते.