मंगळवारची चित्रं

टोकियोतली संग्रहालयं एका दिवसात कशी उरकावीत, ते या कुरामोचीकडून शिकावं! नागानोहून सकाळची बुलेट ट्रेन, दुपारपर्यंत उएनोच्या बागेतली तीन संग्रहालयं, आणि मग लेकीला सहज म्हणून फोन करायचा : 'अगं चिझुरू, चित्रं बघायला आलो होतो. वेळ असला तर चहा घेऊ.' लेक टोकियोत नोकरीला. नवीन वर्षानंतर तिचं तोंड पाहिलं नव्हतं. पण बाप मुद्दाम भेटायला आला म्हटलं की पोरीच्या जिवाला घोर. म्हणून चित्रं! मला चित्रांतलं काडीचंही कळत नाही.

दिवससुद्धा विचार करून निवडला. संग्रहालयं सोमवारी बंद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून मंगळवार! पण सोमवारी सार्वजनिक सुटी आली, की ती सोमवारी उघडी आणि मंगळवारी बंद. काल सुटी होती. निवृत्त माणसाला रोजच सुटी, त्यातली ही वेगळी कळायची कशी?

तिन्ही फाटकं बंद! तिसऱ्यासमोर मी जरा दम खात उभा राहिलो, तर एक आजीबाई हळूच माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

"रांग इथूनच ना हो?"

आठवडाभरात आपणहून माझ्याशी बोललेलं ते पहिलं माणूस. 'बंद आहे' म्हणायला जीभच रेटेना.

"हो हो, इथूनच!"

आमच्या लोकांना रांग दिसली की पाय आपोआप वळतात. बघता बघता मागे चाळीसेक माणसं! आजीबाईंनी मला संत्रं सोलून दिलं. थंडी किती, गुडघे कसे, सगळी चौकशी झाली. फार दिवसांनी बरं वाटलं.

तेवढ्यात चिझुरूचा फोन. आता कोणत्या तोंडानं सांगू?

"बाबा, कुठे आहात?"

"घरीच. टीव्ही बघतोय."

"मग दार उघडा की! केव्हाची घंटा वाजवतेय मी!"

सुटीला जोडून रजा काढून पोरगी न सांगता नागानोला थडकली होती! मी खरं काय ते सांगून टाकलं आणि ओरडलो, "थांब तिथेच, मी निघालो!" त्याच क्षणी तीही तेच ओरडली, त्यामुळे कुणालाच काही ऐकू आलं नाही. आणि दोघांनी फोन ठेवले.

मी रांगेपुढे कमरेत वाकलो. "माफ करा, आज बंद आहे!" एकानंही शिवी दिली नाही, नुसते बघत राहिले. शिवी परवडली असती.

गाडीत फोनवर बोलायचं नाही, ही आपली रीत. चिझुरू माझ्याच वळणाची. दोघंही फोन मुके करून शहाण्यासारखे बसलो. वाटेत समोरून एक गाडी सुर्रकन गेली. मी बघितलंसुद्धा नाही.

घरी आलो तर दाराला कुलूप, कडीला पिशवी. मुका फोन बोलता केला, तोच वाजला.

"बाबा, मी फाटकाशी उभी आहे. इथे चिटपाखरू नाही!"

"आणि मी घरी!"

दोघंही पोट धरून हसलो. मग हसू सरलं. उद्या तिला ऑफिस होतं.

"पुढच्या वेळी सरळ म्हणा ना बाबा, तुला भेटायला येतोय म्हणून."

"तुला कशाला? मी चित्रं बघायला आलो होतो!"

फोन ठेवून पिशवी उघडली. आत ईल माशाच्या भाताचे दोन डबे, पार गार झालेले. एक तिचा, एक माझा. घर फार मोठं वाटायला लागलं. मी दोन्ही डबे संपवले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मसाल्यानं. ईलच्या भातात मसाला नसतो, हे कुणाला सांगू नका!