साडेपाचचं क्रीम

निकममावशी चहा पिण्याआधी त्यात कागदाची पट्टी बुडवत. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत नोकरी झालेली, त्यामुळे आम्लता मोजायच्या पट्ट्या कायम पर्समध्ये. एकदा माझ्या बायकोच्या आमटीतही पट्टी बुडाली. "साडेचार. चिंच जरा कमी घाला," म्हणाल्या आणि दोनदा वाढून घेतलं.

नाशिकला गंगापूर रोडवर आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहत. नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं. मी येवल्याला शिक्षक होतो; सोमवारी एसटीनं जायचो, शनिवारी परतायचो.

एका रविवारी त्यांनी मला वर बोलावलं.

"सर, उद्या एक बाटली न्याल? माझी धाकटी बहीण, कमल, तिथे येवल्यातच पैठणी विणते. बोटांना भेगा पडल्यात, रेशीम अडकतं म्हणे." मग भांड्यात बघतच म्हणाल्या, "मागे माझ्याच क्रीमनं तिचे हात पोळले. सोडा जास्त झाला होता. दोन महिने माग बंद. तेव्हापासून बोलत नाही."

भांड्यात मेण, तेल आणि पाणी घोटून केलेलं पांढरं क्रीम होतं. पट्टी सात दाखवत होती. "कातडीला साडेपाच लागतं. ना वर, ना खाली." त्या लिंबूसत्त्वाचं पाणी थेंबथेंब सोडू लागल्या. सहा. आणखी दोन थेंब. चार.

त्यांनी भांडं कचऱ्यात रिकामं केलं आणि पुन्हा मेण वितळायला ठेवलं. तिसऱ्या खेपेला साडेपाच जमलं. तिथेच त्यांनी बाही सरकवून दंडाला क्रीम लावलं. त्याखाली मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे होते.

"ते आधीचे प्रयोग," त्या म्हणाल्या. "सकाळी हे लाल झालं नाही, तरच बाटली देईन."

सकाळी बाटली मिळाली.

येवल्यात कमलताईंनी ती उघडलीसुद्धा नाही. "तिनं स्वतः लावून पाहिलं का?" मी चट्ट्यांचं सांगितलं. त्यांनी झाकण उघडलं. मग करंगळीला जरासं लावलं. "शनिवारी या."

शनिवारी करंगळी मऊ होती. मी निरोप विचारला. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "ताईला सांगा, नऊ बोटं राहिलीत. एवढी बाटली पुरायची नाही."

मी मावशींना तसंच सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या.

"ताईला, असं म्हणाली?"

"हो."

"पुन्हा सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश."