काकाजींच्या गाडीची झूल

तुमच्या दारात चारचाकी उभी असेल, तर एक सांगा: ती नेमकी कशासाठी जपता?

हा प्रश्न मी पहिल्यांदा अल्लीपूरच्या आमच्या वस्तीतल्या सुखदेव काकाजींना विचारला, आणि तोही टोमणा म्हणून. काकाजी तेव्हा गाडीच्या बॉनेटवर ओल्या फडक्याची पट्टी ठेवून शेजारी उकिडवे बसले होते. तापानं फणफणलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तशी. पट्टीखाली पारव्याची ताजी शिट होती.

"घासू नोको कधी," ते म्हणाले. "पाच मिनिटं भिजू द्याची. मंग ते स्वतःच सोडते. घासलं का रंग गेला."

"पारव्याच्या शिटेची एवढी सेवा?"

"शिटेची नाई वं पोरी, रंगाची. शिट म्हणजे तेजाब हाय, तेजाब!"

काकाजी तीस वर्षं सरकारी जीपवर ड्रायव्हर होते. साहेब बदलले, जीपा बदलल्या, फडकं यांच्याच हातात राहिलं. बायको कधीच गेलेली, घरी एकटेच. निवृत्त झाल्यावर त्यांनी जुनी निळी गाडी घेतली आणि घरासमोर रस्त्यावर उभी केली. वर विजेच्या तारा, तारांवर पारवे, समोरून रेतीचे टिप्पर, आणि डोक्यावर आमच्या जिल्ह्याचं ऊन, ज्यात डांबर चपलेला चिकटून येतं. या सगळ्यांशी काकाजी एकटे लढत. जुन्या सुती चादरी शिवून त्यांनी गाडीला अंगभर कव्हर केलं होतं. वस्ती त्याला झूल म्हणायची.

"काकाजी, आज पोळा हाय काय?" येणारा-जाणारा विचारायचा.

ते शांतपणे सांगत, "ताडपत्री टाकली तर आत वाफ धरते. चादरीतून हवा खेळते." धूळ बसलेल्या गाडीवर झूल टाकायची नाही, धुळीचा काचपेपर होतो. आधी पाणी, मग फडकं, मग झूल. तापलेल्या पत्र्यावर पाणी मारायचं नाही, डाग पडतात. राज्यघटनेची कलमं वाचून दाखवावीत, तसे ते हे सांगत.

गंमत अशी की घरामागे त्यांची पत्र्याची शेड रिकामी होती. गाडी आरामात मावली असती. "काऊन नाई ठेवत आत?" कुणीही विचारलं की उत्तर एकच: "शेडातली गाडी कामाची नाई."

मी मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. यांना गाडी हवी ती लोकांना दाखवायला. मी वस्तीतल्या चळवळीचं काम करायचे; मोर्चाची पत्रकं घेऊन त्यांच्या दारात गेले तर म्हणायचे, "हात ओले हायेत, खिडकीत ठेव." चारचाकी आली की चळवळ सुटते, असं मी दोघा-तिघांना ऐकवलंही होतं.

मग मागच्या मे महिन्यात, भर दुपारी, माझ्या बहिणीला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. रक्त थांबेना. रुग्णवाहिका दुसऱ्या गावाला गेलेली. मी धावत काकाजींच्या दारात पोचले. तोंड उघडायच्या आत त्यांनी झूल ओढून धुळीत फेकली.

"बसव तिले मागं. पाय वर ठेव तिचे."

हिंगणघाटच्या रस्त्यावर पूल खोदून ठेवलेला. काकाजींनी गाडी सरळ शेतांमधल्या पांदणीत घातली. दोन्ही बाजूंना बाभळी. काटे पत्र्यावरून करकरत गेले, पांदण संपेपर्यंत. त्यांनी एकदाही मान वळवली नाही. "बोलत राह्य तिच्याशी," एवढंच मला म्हणाले. "झोपू देऊ नोको."

बहीण वाचली. बाळ नाही.

संध्याकाळी दवाखान्याच्या आवारात गाडीपाशी गेले. निळ्या रंगावर दोन्हीकडून पांढरे ओरखडे.

"काकाजी, रंग..."

"रंगाले काय होते." ते मागची सीट पुसत होते. फडकं पिळता पिळता, मी न विचारताच बोलू लागले. "तुही काकी गेली, तेव्हा गावात एक नवी गाडी होती. शेडात. मालक म्हणे, अजून पूजा नाई झाली, पहिला फेरा पेशंटचा कसा करू? तोही तुमच्या वस्तीतला? मंग शेणखताची ट्रॉली भेटली. खत झाडून तशीच नेली. वाटेत काकी मले म्हणे, 'अंगाले वास येऊन राह्यला, डॉक्टर काय म्हणन?' तेच तिचं शेवटचं बोलणं. म्हून पुसत राह्यतो. आपल्या माणसाले चांगल्या गाडीत नेलं पाह्यजे."

"कोण होता तो मालक?" माझा आवाज चढला. डोक्यात पत्रक तयार होऊ लागलं होतं.

"नाव घेऊन काय करतं? त्याची गाडी अजून नवीच हाय."

ते फडकं कोरडं झालं तरी पिळत राहिले.

"पांदणीनं आलो म्हून उशीर झाला काय वं?"

मी नाही म्हणाले. डॉक्टरांनीही नाही म्हटलं होतं. त्यांना ते पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही.

म्हणून वाचकहो, शेड असेल तर असू द्या, पूजा करायची तर खुशाल करा. पण आज गाडीचं तोंड रस्त्याकडे करून ठेवा, आणि किल्ली कोणत्या खिळ्यावर असते ते आजूबाजूच्या चार घरांना सांगून या. सांगताना ती घरं कुणाची, हे बघू नका.