सुभेदारांची परमिशन

आमच्या शेजारचं सुभेदार परमिशनबिगर कुनाला उंबरा वलांडू द्यायचं न्हाईत. मांजर आलं तरी इचारायचं, "परमिशन?" मी दिसभर बेदाना निवडून यायची, त्येंची भाकरी झाकून न्यायची. तर दारातच आडवं.

"परमिशन?"

"आवं सुभेदार, भाकरी वातड व्हतीया."

"ग्रँटेड."

बायकू गेल्यापास्नं एकलंच. लेक बंगळुरात. त्येनं घरी काम्पुटर ठिवला हुता, बापाशी बोलायला. त्येच्यात दोघांची नावं, बापाचं आन् लेकाचं; हुकूम दोघांचा बी चालायचा.

औंदा त्येच्यावरची अक्षरं लय बारीक झाली. सुभेदार भिंग घिऊन बसायचं. सेटिंगात जाऊन मोठी कराय गेलं, की काम्पुटर म्हनायचा, तुमाला परवानगी न्हाई.

मी म्हनलं, "कसं वाटतंय आता? त्या मांजराला इचारा."

शेवटी मीच तासगावातनं दुरुस्तीवाला आनला. त्येनं खुडबुड केली आन् माझ्याकडं बगून म्हनला, "मावशी, खराबी काय न्हाई. ह्येंनीच आदी अक्षरं बारीक केली, मग सोताचं नाव खाली उतरवलं. आता हुकूम एकट्या लेकाचा चालतोय. न्हाईतर सगळं पुसून नवं घालतो."

"पुसायचं न्हाई," सुभेदार म्हनलं. "लेक यील. त्योच करंल."

"कवा यील?"

"रजा मिळाली की."

माझ्या बी दोन लेकी लांब दिल्यात. मी पुढं इचारलं न्हाई.

रविवारी मी तितं असतानाच लेकाचा फोन आला. "आबा, यायला कशाला पायजे? हितनंच करतो. तितं परवानगी इचारंल, होय दाबा."

सुभेदारांनी भिंग पुसाय घेतलं.

"आबा?"

मग दाबलं.

काम्पुटरवरचा बान आपोआप हलाय लागला, लेक तिकडनं हलवत हुता. सुभेदार खुर्ची वडून जवळ सरकलं आन् काचंवर बोट टेकवलं. बान जाईल तिकडं बोट. अक्षरं यष्टीच्या पाटीवानी मोठी झाली.

"दिसतंय आता?"

"दिसतंय."

"तुमाला बी सगळी परमिशन दिलीया. आता माझ्यावाचून अडायचं न्हाई."

बान थांबला. बोट तितंच.

दुसऱ्या दिशी भाकरी घिऊन गेले. दार उघडं, आडवं कुनी न्हाई. मी उंबऱ्याभाईर हुबी ऱ्हायले.

"परमिशन?" म्हनलं.

आतनं आवाज यीस्तवर भाकरी गार झाली.